भेटवस्तू द्यावी, की रील करावी? छोट्या व्यावसायिकांचे प्रश्न

गणपती उठले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकदम बदलतो. दिवाळीला गिऱ्हाइकांना काय द्यावे, किती जणांना द्यावे, आणि तोच पैसा इन्स्टाग्राम-फेसबुकवर घातला तर जास्त उपयोग होईल का, अशी विचारणा करणारी पत्रे या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच आली. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी स्वतः नौपाड्यात बावीस वर्षे स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा कारखाना चालवला. पेन, किल्ल्यांच्या साखळ्या, कापडी पिशव्या, दिनदर्शिका अशा वस्तूंवर दुकानदारांची नावे छापणे हाच माझा धंदा होता, त्यामुळे छापून गेलेला माल पुढे कोणाच्या हातात राहतो आणि कोणाच्या माळ्यावर धूळ खातो, हे मी जवळून पाहिले आहे.

प्रश्न : मी नेरूळमध्ये घरून गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी आणि दिवाळीचा फराळ विकते. वर्षभरात साधारण १४० घरांतून मागणी येते, त्यांतील ६० घरे नियमित आहेत. या दिवाळीला जाहिरातीसाठी २५,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. एका विक्रेत्याने नाव छापलेल्या ५०० किल्ल्यांच्या साखळ्या ५० रुपयांना एक या दराने देऊ केल्या आहेत. मुलगा म्हणतो, सगळे पैसे इन्स्टाग्रामच्या जाहिरातीला घाल. कोणाचे ऐकू? (गृहउद्योजिका, नेरूळ)

ताई, आपली गिऱ्हाइके १४० असताना ५०० साखळ्या कोणाला देणार, हा माझा पहिला प्रश्न आहे. उरलेल्या ३६० साखळ्या सोसायटीच्या कार्यक्रमात किंवा स्टेशनबाहेर वाटल्या जातील, आणि ज्यांनी आपला मसाला कधी चाखलेला नाही त्यांच्या दृष्टीने ती फक्त आणखी एक साखळी असेल. भेटवस्तू ओळख टिकवते. ओळख करून देण्याचे काम आपल्या मसाल्याच्या वासाने आणि चवीनेच व्हायला हवे. त्यामुळे दोन्ही कामांसाठी पैसे वेगळे काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण निवडताना आपल्या घरांतील बायका जो विचार करतात, तोच येथे करावा. वस्तू रोज हाताला लागेल का, घेणारीच्या घरात तिला जागा आहे का, आणि देताना आपल्याला संकोच वाटणार नाही इतकी ती बऱ्यापैकी आहे का, हे तीन प्रश्न वाणाच्या बाबतीत कोणी शिकवावे लागत नाहीत. आमच्या घरच्या मिसळणाच्या डब्यात गेली अकरा वर्षे स्टीलचा एक छोटा चमचा आहे. ठाण्यातल्या एका भांड्यांच्या दुकानाने मोठ्या खरेदीबरोबर तो दिला होता. दांड्यावर कोरलेल्या दुकानाच्या नावात हळद बसून अक्षरे पिवळी झाली आहेत आणि त्यामुळे ती उलट अधिक ठळक दिसतात. कुकरची रिंग बदलायची झाली तरी आमच्या घरात पहिल्यांदा त्याच दुकानाचे नाव निघते.

आपण मसाला विकता, म्हणून असा चमचाच द्या, असे मी सुचवीन. मात्र त्यावर नाव आणि दूरध्वनी क्रमांक लेझरने कोरून घ्या. स्क्रीन प्रिंटिंगची शाई रोजच्या घासण्याने महिन्याभरात उडू लागते, आणि खाण्याच्या वस्तूत बुडणाऱ्या चमच्यावर शाई असूही नये. नियमित ६० घरांना हा चमचा आणि भाजणीची छोटी पुडी मिळून १५० रुपयांपर्यंतची भेट दिली तर ९,००० रुपये होतात. उरलेल्या ८० घरांना, त्यांनी आजवर न मागवलेल्या एखाद्या पदार्थाचा २५ रुपयांचा नमुना दिला तर २,००० रुपये. जाहिरातीला रोज ५०० रुपयांप्रमाणे १२ दिवसांचे ६,००० रुपये. एकूण १७,००० झाले. राहिलेले ८,००० रुपये खर्चू नका. संक्रांतीला, दिवाळीत नव्याने जोडलेल्या घरांसाठी ते लागतील.

कोरण्याआधी नमुन्याचा एक चमचा हातात घेऊन त्यावरील क्रमांकाला स्वतः फोन लावून पाहावा, हे मी आग्रहाने सांगतो. माझ्या कारखान्यात एकदा एका औषध दुकानदाराची हजार पेने क्रमांकातील एका अंकाच्या चुकीसह छापली गेली. नमुना मी स्वतः वाचला होता आणि मंजूरही केला होता, पण क्रमांक लावून पाहिला नव्हता. सगळा माल मी स्वखर्चाने पुन्हा छापून दिला, तरी त्या दुकानदाराचे दिवाळीचे दिवस निघून गेले ते गेलेच, आणि त्याची बोच मला अजून आहे.

आता इन्स्टाग्रामविषयी. आपल्याकडे दाखवण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते रोज आपल्या कढईत घडते. भाजणीसाठी धान्ये आणि डाळी वेगवेगळ्या का भाजायच्या, धणे-जिरे शेवटी का घालायचे, दगडफूल तेलात पडल्यावर वास कसा बदलतो, हे तीस-चाळीस सेकंदांत दाखवता येते. फोन खिडकीच्या उजेडात कढईच्या जवळ ठेवा, पहिल्या दोन-तीन सेकंदांत कढईच दिसू द्या, नाव आणि चिन्ह शेवटी येऊ द्या. बोलणे आपल्या रोजच्या मराठीत असावे आणि तेच शब्द पडद्यावर लिहावेत, कारण लोकलमध्ये बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात. फराळाची मागणी नोंदवण्याची शेवटची तारीख प्रत्येक रीलच्या खाली लिहा.

जाहिरात लावताना ती पाहणाऱ्याला थेट व्हॉट्सॲपवर आणणारा प्रकार निवडा आणि परिसर नेरूळ, सीवूड्स, जुईनगर, सानपाडा एवढाच ठेवा. जेथे डबा पोहोचवता येणार नाही तेथील माणसाला जाहिरात दाखवून काही हाती लागत नाही. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप २०१८ पासून मोफत उपलब्ध आहे. त्यातील कॅटलॉगमध्ये प्रत्येक पदार्थाचे छायाचित्र, वजन आणि भाव टाकून ठेवला की रोज तेच ते टंकण्याचे श्रम वाचतात. आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला “आमच्याविषयी कुठून कळले?” हे विचारून वहीत लिहीत जा. चमचा, रील, जाहिरात, शेजारीण, असे चार रकाने पुरे आहेत. पुढच्या वर्षी मुलाचे ऐकावे की नाही, याचे उत्तर त्या वहीतच सापडेल.

दोन गोष्टी कायद्याच्या. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार घरगुती खाद्यव्यवसायालाही नोंदणी लागते. तो १४ अंकी क्रमांक पुडीवर असावा. नमुन्याच्या पुडीवरही घटक आणि तारीख लिहिण्याची सवय ठेवा. दुसरे, “मधुमेहावर गुणकारी” असले शब्द नाचणीच्या लाडवांविषयीसुद्धा लिहू नका. खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला याच कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न : ठाण्यात एसी, गीझर आणि इन्व्हर्टरची दुरुस्ती करतो. काम चांगले झाले तरी लोक वर्षभरात माझा नंबर हरवतात आणि दुसऱ्याला बोलावतात. फ्रिजवर लावायचे चुंबक वाटू का? (तंत्रज्ञ, पाचपाखाडी)

चुंबक वाईट नाही, पण बऱ्याच नव्या फ्रिजच्या दारांवर काच असते आणि तेथे ते चिकटत नाही. आपल्याकडे याहून चांगली जागा आहे, ती म्हणजे आपण दुरुस्त केलेले यंत्रच. एसीच्या बाजूला, इन्व्हर्टरच्या झाकणावर किंवा गीझरच्या खालच्या बाजूला टिकाऊ स्टिकर लावा, त्यावर केलेल्या कामाची तारीख आणि पुढच्या सर्व्हिसिंगचा महिना न पुसणाऱ्या पेनाने स्वतःच्या हाताने लिहा, आणि खाली आपला क्रमांक असू द्या. मे महिन्यात एसीतून पाणी गळू लागले की माणूस प्रथम एसीकडेच पाहतो, आणि पुढच्या सर्व्हिसिंगचा महिना तेथे वाचला की आपल्याला बोलावण्याचे कारणही त्याला मिळते. यासोबत गूगल बिझनेस प्रोफाइल तयार करून घ्या. आपले दुकान नसेल तर घरचा पत्ता लपवून केवळ सेवा देण्याचा परिसर दाखवण्याची सोय त्यात आहे. एवढे दोन उपाय आपल्याला पुरतील.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावर माझे खणाचे आणि पैठणीचे ब्लाउज शिवून देणारे बुटीक आहे. ८०,००० फॉलोअर असलेल्या एका इन्फ्लुएन्सरने एका रीलसाठी १५,००० रुपये आणि एक पूर्ण पोशाख मागितला आहे. पोशाखाचा मला पडणारा खर्च ३,५०० रुपये आहे. शिवाय “तीन मैत्रिणींना टॅग करा आणि पैठणी जिंका” अशी सोडत काढण्याचाही विचार आहे. दोन्ही एकदम करावे का? (बुटीकचालक, मानपाडा)

प्रथम हिशेब करू. १५,००० आणि ३,५०० मिळून १८,५०० रुपये होतात. आपल्याला एका ब्लाउजमागे ८०० रुपये सुटतात असे धरले, तर केवळ हा खर्च भरून निघण्यासाठी २४ नवे ब्लाउज शिवून जायला हवेत. त्या रीलमुळे मानपाड्यापर्यंत २४ बायका माप द्यायला येतील का, हे त्या ८०,००० पैकी किती जणी ठाणे-मुंबईत राहतात यावर अवलंबून आहे. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यात फॉलोअर कोणत्या शहरांतील आहेत याची आकडेवारी खातेदाराला दिसते, तिचे छायाचित्र निःसंकोच मागा. ते दाखवायला नकार मिळाला तर व्यवहार तेथेच थांबवावा. तसेच मागील दहा-बारा पोस्टखालील प्रतिक्रिया वाचा. “किंमत काय?”, “दुकान कुठे आहे?” असे प्रश्न दिसले तर ती गिऱ्हाइके आहेत. केवळ बदामाची चिन्हे दिसली तर तो नुसता प्रेक्षकवर्ग आहे.

व्यवहार ठरलाच तर एक अट लेखी घाला. पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या शिफारशीवर तसे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था असलेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाचा हा नियम १४ जून २०२१ नंतरच्या पोस्टना लागू आहे आणि फुकट मिळालेली वस्तूही त्यात धरली जाते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला किंवा शिफारस करणाऱ्याला १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून “हातमागाची पैठणी” हे शब्द माल हातमागाचा असेल तरच बोलले जावेत, याची काळजी आपण घ्यायची आहे. पार्श्वसंगीताविषयीही सावध राहा. व्यावसायिक खात्यांना चित्रपटगीते जाहिरातीसाठी वापरण्याची मुभा नसते आणि तसा व्हिडिओ मध्येच काढून टाकला जाऊ शकतो. मेटाच्या साउंड कलेक्शनमधील संगीत वापरावे किंवा शिलाई मशीनचा आवाज तसाच ठेवावा. मला स्वतःला दुसरा पर्याय जास्त आवडतो.

सोडतीचा विचार मात्र आपण सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते. विक्री वाढवण्यासाठी सोडत किंवा दैवावर अवलंबून असलेली स्पर्धा घेणे हे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांत मोडते, आणि निकाल जाहीर न करणे हीसुद्धा त्यात स्वतंत्र चूक आहे. फेसबुकच्या नियमांनुसार, सोडतीत भाग घेण्यासाठी मित्रांना टॅग करायला किंवा स्वतःच्या भिंतीवर पोस्ट टाकायला लावता येत नाही. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, पैठणीच्या आशेने जमलेल्या हजार माणसांत ब्लाउज शिवून घेणाऱ्या किती असतील याचा विचार करा. निकाल लागला की त्यातील बहुतेक खाते सोडून जातात, आणि न जिंकलेल्यांच्या मनात थोडी नाराजीही उरते.

याच पैशात दुसरे काहीतरी करता येईल. खणाच्या ब्लाउजच्या कापणीत काठाचे तुकडे उरतात. त्यांची चेन लावलेली छोटी पाउच शिवा, आत अस्तर घाला, बाहेर काठ दिसू द्या आणि आतल्या बाजूला दुकानाचे नाव विणलेले लेबल टाका. मंगळसूत्र किंवा कानांतले ठेवायला ती प्रत्येक प्रवासात बॅगेत जाते, आणि लग्नाच्या हॉलवर चार बायकांसमोर उघडली जाते. नाव बाहेर मोठ्या अक्षरांत छापण्याचा मोह टाळा, कारण जाहिरातीसारखी दिसणारी पिशवी बाई समारंभात बाहेर काढत नाही. ब्लाउज देताना ती पाउच द्या आणि “ब्लाउज घातलेला फोटो पाठवलात तर, आपली संमती असेल तरच, आमच्या पानावर लावू” एवढेच सांगा. ठाण्यात पाडव्याची स्वागतयात्रा निघते तेव्हा नऊवारी आणि खणात शेकडो बायका रस्त्यावर असतात. त्या दिवशी आपल्याकडे शिवलेले ब्लाउज घातलेल्या दहा गिऱ्हाइकांचे, त्यांच्या संमतीने काढलेले फोटो आपल्या पानाला वर्षभर पुरतील.

प्रश्न : ऐरोलीत माझी छोटी बेकरी आहे. जवळच्या आयटी पार्कमधून बरेच गिऱ्हाईक येते. गूगलवर पाच तारे देणाऱ्याला एक पेस्ट्री मोफत, असा फलक लावला तर चालेल का? (बेकरीचालक, ऐरोली)

चालणार नाही. अभिप्रायाच्या बदल्यात पैसे, सवलत किंवा वस्तू देऊ करणे गूगलच्या नियमांना धरून नाही. असे अभिप्राय काढून टाकले जातात आणि दुकानाच्या नोंदीवर निर्बंधही येऊ शकतात. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत याविषयी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही आणले आहे, आणि अभिप्राय खरा असावा हाच त्याचा गाभा आहे. पेस्ट्री खाऊन दिलेले पाच तारे वाचणाऱ्यालाही लगेच ओळखू येतात, कारण त्यांत सगळे जण “छान” एवढेच लिहितात.

फलकावर केवळ क्यूआर कोड लावा, जो थेट अभिप्रायाच्या पानावर नेईल, आणि खाली लिहा, “काय आवडले, काय नाही, दोन्ही कळवा.” पेस्ट्री द्यायचीच असेल तर कोणत्याही अटीशिवाय द्या. दुपारी चारच्या सुमारास चहासोबत नव्या पदार्थाचे छोटे तुकडे गल्ल्यावर बशीत ठेवा. त्यासाठी मोठा खर्च येत नाही आणि आयटी पार्कमधला एक माणूस पुढे वाढदिवसाच्या केकची मागणी घेऊन येतो. वाईट अभिप्राय आला तर वाद घालू नका, पण गप्पही बसू नका. “शनिवारी क्रीम आंबट लागले हे खरे आहे, त्या दिवशी फ्रीज बंद पडला होता, आपण पुन्हा या” अशा सरळ उत्तराने दहा नवे वाचक आपलेसे होतात. मात्र फ्रीज बंद पडला होता हे खरे असेल तरच तसे लिहा.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये नट-बोल्ट बनवण्याचा आमचा कारखाना आहे. दरवर्षी कंपन्यांच्या खरेदी विभागांना डायऱ्या आणि सुकामेव्याचे डबे देतो. त्यावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट घेता येते का? आणि आमच्यासारख्यांना सोशल मीडियाचा उपयोग असतो का? (लघुउद्योजक, ठाणे)

क्रेडिट घेता येत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ह) नुसार भेट म्हणून किंवा मोफत नमुना म्हणून दिलेल्या मालावरील इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. आधी घेतले गेले असेल तर ते उलटवून घ्या. मात्र “एक घ्या, त्यासोबत दुसरे मिळवा” अशा योजनेत दोन्ही वस्तू एकाच किमतीत विकल्या जातात असे धरले जाते आणि तेथे क्रेडिट मिळते, असा खुलासा ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकात आहे. आयकराचीही एक बाजू आहे. व्यवसायाच्या संबंधातून एकाच व्यक्तीला वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक किमतीचा लाभ दिला तर १० टक्के टीडीएस कापण्याची तरतूद १ जुलै २०२२ पासून लागू झाली. आधीच्या वर्षी व्यवसायाची उलाढाल एक कोटीपर्यंत असलेल्या वैयक्तिक मालकीच्या उद्योजकांना यातून सूट आहे. भागीदारी किंवा कंपनी असेल तर आपल्या सीएला विचारून घ्या.

परंतु खरा प्रश्न डबा कोणाला द्यावा हा आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत खरेदी विभागातील माणसाने भेट घेणे नियमाविरुद्ध असते. आपण प्रेमाने नेलेल्या डब्यामुळे तो अडचणीत येतो आणि पुढच्या वेळी भेटायलाच टाळतो. याउलट आपला बोल्ट ज्यांच्या हातातून जातो, त्या शॉप फ्लोअरवरच्या कामगारांना सहसा कोणी काही देत नाही. त्यांच्यासाठी भिंतीवर लावायचा, तेल लागले तरी पुसता येईल असा लॅमिनेट केलेला तक्ता करा: एम ६ ला, म्हणजे ६ मिमी व्यासाच्या बोल्टला, पिच (लगतच्या दोन आट्यांतील अंतर) १ मिमी आणि आटे पाडण्याआधी ५ मिमीचे छिद्र, एम ८ ला १.२५ आणि ६.८, एम १० ला १.५ आणि ८.५, एम १२ ला १.७५ आणि १०.२. ही माहिती दिवसातून कितीतरी वेळा लागते, आणि ड्रिलसमोर उभ्या असलेल्या माणसाला हात पुसून फोन काढावा लागू नये, एवढी सोय आपल्या नावाने झाली तर ती कोणत्याही डायरीपेक्षा जास्त टिकेल. अक्षरे दोन मीटरवरून वाचता यावीत. आपला क्रमांक खालच्या पट्टीत, आणि छापण्याआधी प्रत्येक आकडा आपल्या फोरमनकडून तपासून घ्यावा, कारण येथे चूक झाली तर गिऱ्हाइकाचा जॉब वाया जातो.

सोशल मीडियाचा उपयोग आपल्याला आहे, पण तो इन्स्टाग्रामपेक्षा लिंक्डइनवर आणि यूट्यूबवर. गो आणि नो-गो गेजने आटे कसे तपासले जातात, हीट ट्रीटमेंटनंतर कडकपणा कसा मोजतात, ८.८ हा शिक्का बोल्टच्या डोक्यावर का असतो, याचे एक-दीड मिनिटाचे व्हिडिओ महिन्याला दोन टाका. प्रेक्षक शंभरच असतील, पण त्यात एखादा खरेदी अभियंता असला तरी पुरेसे आहे. आणि आपल्याकडे माल नाकारलाही जातो, हे दाखवायला कचरू नका. नाकारलेल्या बोल्टांचा लाल डबा पाहून खरेदीदाराचा विश्वास वाढतो.

प्रश्न : खारघरमध्ये मी चित्रकलेचा वर्ग घेते. सोसायट्यांतील पालकांचे नंबर मिळवून व्हॉट्सॲप ग्रुप केला, तर दोन दिवसांत निम्मे लोक बाहेर पडले आणि एकदोघांनी सुनावलेही. चौकात बॅनर लावावा का? (कलाशिक्षिका, खारघर)

ते पालक रागावले यात त्यांचे काही चुकले नाही. कोणाचा क्रमांक त्याला न विचारता घेणे आणि तो दोनशे अनोळखी माणसांना दिसेल अशा जागी टाकणे, हे सौजन्याला धरून नव्हते. संमतीशिवाय वैयक्तिक माहिती वापरण्याविरुद्ध २०२३ मध्ये केंद्राने कायदाही केला आहे. तो ग्रुप बंद करा आणि राहिलेल्यांना एकदा मनापासून क्षमा मागणारा संदेश पाठवा. बॅनरचेही तसेच आहे. परवानगीशिवाय चौकात किंवा झाडाला लावलेला फलक पनवेल महानगरपालिका काढून नेऊ शकते, आणि राज्यात मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा १९९५ पासून लागू आहे.

ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरावी. तिच्यात २५६ जण ठेवता येतात, एकाचा क्रमांक दुसऱ्याला दिसत नाही, आणि ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. म्हणजे पालकांनी आपला क्रमांक स्वतःहून जतन करावा, एवढेच काम आपल्याला साधायचे आहे, आणि ते एका छोट्या भेटीने होते. सोसायटीच्या परवानगीने एका रविवारी सकाळी क्लब हाउसमध्ये दोन तासांचा मोफत वर्ग घ्या. प्रत्येक मुलाने काढलेले चित्र जाड कागदाच्या साध्या पास-पार्टूत (चित्राभोवतीच्या कागदी चौकटीत) बसवून त्याच्या हातात द्या, आणि मागच्या बाजूला मुलाचे नाव, तारीख, आपले नाव व क्रमांक शाईने लिहा. आपल्या मुलाचे चौकटीत बसवलेले चित्र कोणी टाकून देत नाही, ते बैठकीत लागते. चित्र देतानाच पालकांना विचारा, “पुढच्या वर्गाची तारीख कळवू का? चालत असेल तर माझा नंबर आत्ता सेव्ह करून मला एक नमस्कार पाठवा.” ज्यांचा नमस्कार येईल तेवढीच आपली यादी, मग ती पंधरा जणांची असली तरी तिच्यापासूनच सुरुवात करा.